लुईसचे दुरुस्तीचे दुकान

अलिबाबा आणि चाळीस चोरांची गोष्ट ऐकली नाही असे घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. ‘खुल जा सिमसिम’ म्हटले की दगडी दार उघडते आणि आत खजिना दिसतो. सिमसिम म्हणजे तीळ. याच गोष्टीतल्या तिळावरून अमेरिकेतल्या लहान मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमाचे नाव पडले, ‘सेसमी स्ट्रीट’. इंग्रजीत तिळाला सेसमी म्हणतात. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला. त्याची अरबी आवृत्ती ‘इफ्तह या सिमसिम’ १९७९ मध्ये कुवेतमधून निघाली, आणि २००६ मध्ये आपल्याकडे ‘गली गली सिम सिम’ आली. शाळेचा गणवेश घातलेली, दोन वेण्यांची चमकी बऱ्याच घरांतल्या मुलांना अजून आठवत असेल.

आज मात्र मूळ अमेरिकन गल्लीतल्या एका माणसाविषयी लिहायचे आहे. गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचे दुरुस्तीचे दुकान होते. बिघडलेला टोस्टर, पंखा, तुटलेले खेळणे घेऊन मुले आणि मोठी माणसे त्याच्याकडे यायची. तो हातातले काम करता करता त्यांच्याशी बोलायचा, मध्येच गिटार घेऊन गायचा, इंग्रजी बोलताना सहज स्पॅनिश शब्द वापरायचा. पडद्यावर त्याचे नाव लुईस. ही भूमिका करणारे नट होते एमिलिओ डेलगाडो. १९७१ मध्ये ते या गल्लीत आले आणि चाळीसहून अधिक वर्षे तिथेच राहिले. टीव्हीवर एकच भूमिका इतकी वर्षे करणारा दुसरा मेक्सिकन-अमेरिकन नट नाही, असे त्यांच्या निधनानंतरच्या लेखांत आवर्जून लिहिले गेले.

वाचकहो, या नटाने कधी मोठा हिरो म्हणून नाव कमावले नाही. तरीही कोट्यवधी मुलांच्या मनात त्यांनी एक गोष्ट रुजवली, आणि ती आपल्या घरांनाही विचार करायला लावणारी आहे. म्हणून हा लेख.

रोज सीमा ओलांडणारा मुलगा

अमेरिकेचे कॅलिफोर्निया राज्य आणि मेक्सिको देश यांच्या सीमेवर दोन गावे एकमेकांना चिकटून आहेत. अमेरिकेच्या बाजूचे कॅलेक्सिको, मेक्सिकोच्या बाजूचे मेक्सिकाली. नावे नीट पाहिली तर गंमत कळेल. दोन्ही नावे ‘कॅलिफोर्निया’ आणि ‘मेक्सिको’ हे दोन शब्द तोडून जोडलेली आहेत, फक्त क्रम उलटा. भोवती वाळवंट, प्रचंड उन्हाळा, आणि कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने आणून फुलवलेली शेती. शेतात राबणारे हात बहुतेक मेक्सिकन लोकांचे.

एमिलिओचा जन्म ८ मे १९४० रोजी कॅलेक्सिकोत झाला, पण तो वाढला सीमेपलीकडे, मेक्सिकालीत आजी-आजोबांच्या घरी. जन्म अमेरिकेत झाल्यामुळे तो अमेरिकन नागरिक होता. त्यामुळे हा मुलगा रोज सकाळी मेक्सिकोतून चालत निघायचा, सीमा ओलांडून अमेरिकेतल्या शाळेत जायचा, आणि शाळा सुटली की पुन्हा चालत मेक्सिकोत घरी यायचा. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. घरच्या लोकांचे सायकलचे दुकान होते. सुट्या भागांत आणि हत्यारांत त्याचे लहानपण गेले. पुढे पडद्यावर लुईसच्या हातात पाना दिला गेला तेव्हा तो त्यांना नवखा वाटला नसणार.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातल्या या भागापाशी मी थोडी जास्तच रेंगाळते. आपली कितीतरी मुले रोज अशीच एक वेस ओलांडत असतात. घरात अम्मी-अब्बांशी एक बोली, मदरशात दुसरी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी. बाहेरून पाहणाऱ्याला ही मुले अडखळताना दिसतात. शिकवणाऱ्याला दिसते की त्यांच्याकडे एका वस्तूसाठी चार शब्द आहेत. प्रश्न एवढाच असतो, की त्या चार शब्दांची त्यांना लाज वाटायला लावायची की ती त्यांची कमाई आहे हे सांगायचे. एमिलिओच्या बाबतीत पुढे असे झाले, की घरातली जी भाषा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवावी लागत होती, तीच बोलण्यासाठी त्यांना कामावर घेतले गेले.

एमिलिओ किशोरवयात असताना कुटुंब लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेल गावी राहायला आले. हॉलिवूड इथून हाकेच्या अंतरावर. नट व्हायचे मनात पक्के होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स या संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले आणि ते कामाच्या शोधात फिरू लागले.

दरोडेखोर, नोकर, नाहीतर गुंड

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मुळे असलेल्या अमेरिकन लोकांना लॅटिनो म्हणतात. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा अशा ठिकाणांहून आलेली ही माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे. त्यातले कित्येक तर कॅलिफोर्निया मेक्सिकोचा भाग होता तेव्हापासून तिथेच राहत आलेले. पण त्या काळचा अमेरिकन सिनेमा आणि टीव्ही पाहिला तर लॅटिनो माणूस तीन-चार रूपांतच दिसे. घोड्यावरचा दरोडेखोर, शहरातला गुंड, नशेबाज, किंवा घरातला नोकर. नटाला काम हवे असेल तर यातलेच काहीतरी निवडावे लागे.

एका उदाहरणावरून कल्पना येईल. १९६७ मध्ये फ्रिटोज या मक्याच्या चिप्सच्या जाहिरातीत ‘फ्रिटो बँडिटो’ नावाचे कार्टून आणले गेले. मोठी मिशी, भलीमोठी टोपी, कमरेला पिस्तुले, आणि तुटक इंग्रजी बोलत लोकांच्या चिप्स चोरणारा हा मेक्सिकन. मुलांना ते गंमतीचे वाटे. मेक्सिकन-अमेरिकन मुलांना मात्र शाळेत त्याच नावाने चिडवले जाण्याची सोय झाली. लॅटिनो संघटनांनी निषेध केला, काही टीव्ही केंद्रांनी जाहिरात दाखवायला नकार दिला, आणि १९७१ मध्ये तो चोर एकदाचा पडद्यावरून गेला.

एखाद्या समाजाचा माणूस पडद्यावर यायचा तर ठराविक वेश, ठराविक पेशा आणि ठराविक बोली घेऊनच यायचा, हा अनुभव आपल्यालाही काही नवा नाही. त्यामुळे यातली बोच मी वेगळी समजावून सांगत बसत नाही.

हा काळ लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या खळबळीचा होता. मार्च १९६८ मध्ये शहराच्या पूर्व भागातली हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुले शाळांतून उठून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्या ऐकल्या तर त्या कुठल्याही शिक्षकाच्या काळजाला भिडतील. चांगल्या शाळा द्या, आमची भाषा आणि आमचा इतिहास शिकवा, आम्हाला फक्त हाताच्या कामांकडे ढकलू नका. त्याच वर्षी तिथल्या केसीईटी या सार्वजनिक टीव्ही केंद्राने ‘कान्सिओन दे ला रासा’ नावाची मालिका काढली. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबाची ती कथा होती. डेलगाडोंना टीव्हीवरचे पहिले महत्त्वाचे काम या मालिकेत मिळाले. त्या भागातल्या वस्तीतल्या नाटकमंडळींबरोबरही ते काम करत होते. म्हणजे त्यांची उमेदवारी झाली ती आपल्याच लोकांच्या गोष्टी सांगता सांगता.

गल्ली कशी उभी राहिली

इकडे न्यूयॉर्कमध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाला होता. त्याची सुरुवात १९६६ मध्ये जोन गँझ कूनी या टीव्ही निर्मातीच्या घरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी झालेल्या गप्पांत आहे. पाहुण्यांत लॉइड मॉरिसेट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून, कार्यक्रम सुरू होण्याआधीच टीव्हीसमोर बसून राहायची. टीव्ही मुलांना इतका खेचतो, तर त्यातून त्यांना शिकवता येईल का, असा प्रश्न त्या गप्पांत निघाला. विशेषतः गरीब वस्तीतली, बालवाडीत न जाणारी मुले डोळ्यांसमोर होती. शाळेत पाऊल ठेवतानाच ही मुले मागे असतात, आणि ते अंतर नंतर भरून निघत नाही, ही त्यांची चिंता.

त्यांनी कार्यक्रमासाठी परीकथेतला राजवाडा घेतला नाही. न्यूयॉर्कच्या साध्या वस्तीसारखी गल्ली उभी केली. विटांची घरे, पायऱ्या, कोपऱ्यावर किराणा दुकान, कचऱ्याचे डबे. गल्लीत काळ्या वर्णाचे शिक्षक गॉर्डन आणि त्यांची पत्नी सुझन राहत. त्यांच्याबरोबर गोरे शेजारी. मोठ्या माणसांना ही साधी गोष्टही झेपली नाही. मे १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या टीव्ही मंडळाने काळी-गोरी माणसे मिळून-मिसळून राहताना दाखवतो म्हणून कार्यक्रमावर बंदी घातली. देशभर टीका झाल्यावर तीन-एक आठवड्यांत ती उठवावी लागली.

पण या गल्लीतही एक उणीव होती. सुरुवातीला तिथे लॅटिनो माणूस नव्हता. लॅटिनो मंडळींनी ती उघडपणे दाखवून दिली. न्यूयॉर्कची गल्ली आणि तिथे स्पॅनिश ऐकू येत नाही, हे कसे? निर्मात्यांनी ऐकून घेतले आणि शोध सुरू केला. १९७१ च्या हंगामात एमिलिओ डेलगाडो लुईस म्हणून आले आणि सोनिया मान्झानो ही प्वेर्तो रिकन कुटुंबातली तरुण नटी मारिया म्हणून आली. फ्रिटो बँडिटो गेला आणि लुईस आला, हे एकाच वर्षी घडले.

टोस्टर दुरुस्त करणारा माणूस

सुरुवातीला दुकानाच्या पाटीवर ‘एल अँड आर’ असे लिहिलेले होते. एल म्हणजे लुईस, आर म्हणजे त्याचा भागीदार राफाएल. राफाएलचे काम राऊल जुलिया यांनी केले. पुढे सिनेमात गाजलेले हे नट वर्षभरातच निघून गेले आणि दुकान लुईसच्या हाती राहिले. नंतर मारियाही त्या दुकानात काम करू लागली. हातात पक्कड घेऊन यंत्र उघडणारी बाई त्या काळी मुलांच्या टीव्हीवर सहसा दिसत नव्हती. दुकानात सतत टोस्टरच दुरुस्तीला यायचे, आणि त्यावरून प्रेक्षक अजूनही हसतात.

या कामाकडे नटाच्या बाजूने पाहिले तर ते वाटते तितके सोपे नव्हते. कार्यक्रम सुरू होण्याआधी, १९६९ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियातल्या मुलांना नमुन्याचे भाग दाखवले गेले. मुले कसे बघतात हे तपासायची पद्धत मोठी हुशारीची होती. शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी वेगळे चित्र बदलत ठेवायचे, आणि मुलाची नजर कार्यक्रमावरून केव्हा हटते याची नोंद घ्यायची. वर्गात शिकवणाऱ्यांना ही परीक्षा चांगलीच ओळखीची वाटेल. आपल्या खिडकीबाहेरही दर साडेसात सेकंदांनी काहीतरी घडत असतेच! निष्कर्ष असा निघाला, की बाहुल्या आल्या की मुले खिळून राहतात आणि गल्लीतली माणसे बोलू लागली की त्यांचे लक्ष उडते. म्हणून जिम हेन्सन यांनी माणसांच्या मध्ये वावरणाऱ्या बाहुल्या केल्या. ८ फूट २ इंच उंचीचा पिवळा पक्षी बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडका ऑस्कर त्यातूनच जन्मले.

म्हणजे लुईसची भूमिका करणाऱ्या नटाला रोज कापड आणि पिसांच्या आकृतीशी बोलायचे होते, तेही इतके खरे, की समोरच्या तीन वर्षांच्या मुलाला शंका येऊ नये. शिवाय मुलांचे सगळे लक्ष बाहुलीकडे आहे हे ठाऊक असताना शांत उभे राहायचे, घाई करायची नाही, आवाज चढवायचा नाही. डेलगाडोंचे जुने भाग यूट्यूबवर पाहता येतात. त्यांच्या अभिनयात मला एक गुण वारंवार दिसतो. बाहुली बोलत असताना ते खरोखर ऐकतात. मुलांशी बोलणाऱ्या मोठ्या माणसांत हा गुण दुर्मिळ आहे, आपण शिक्षकही त्याला अपवाद नाही.

लुईस लॅटिनो असल्याचे कुठे भाषण होत नसे. तो दुकान उघडायचा, काम करायचा, शेजाऱ्याला मदत करायचा, आणि पाणी मागताना ‘आग्वा’ म्हणायचा. २०२० मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना डेलगाडो म्हणाले होते, की टीव्हीवर लॅटिनो पहिल्यांदाच खरीखुरी माणसे म्हणून दिसली ती या गल्लीत. इथे वेगवेगळी माणसे होती, वेगळ्या भाषा बोलत होती, वेगळे पदार्थ खात होती, आणि सगळी अमेरिकनच होती. सोनिया मान्झानो यांनीही अनेकदा सांगितले आहे, की लहानपणी टीव्ही पाहताना आपल्यासारखे कुणी त्यांना कधीच दिसले नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, दारुड्या वडिलांच्या धाकात त्यांचे बालपण गेले. ज्या पडद्यावर स्वतःचा चेहरा शोधूनही सापडला नाही, त्याच पडद्यावर पुढे त्या इतर मुलांसाठी दिसत राहिल्या.

यातला परिणाम दुहेरी आहे. लॅटिनो मुलाला वाटते, हा तर माझ्या मामासारखा आहे. आणि ज्या गोऱ्या मुलाच्या शेजारात एकही मेक्सिकन घर नाही, त्यालाही वाटते की दुकानातला हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. उद्या कुणी त्याला सांगितले की ही माणसे चोर असतात, तर त्याच्या मनात आधी लुईस उभा राहील.

लग्न, बाळ आणि हूपरकाका

१९८८ मध्ये लुईस आणि मारियाचे गल्लीत लग्न झाले. प्रेक्षक मुलांनी त्या दोघांना सतरा वर्षे शेजारी आणि सोबती म्हणून पाहिलेले होते. लग्न म्हणजे काय, घरातली माणसे लग्नात का रडतात, मुलांनी विचारायचे आणि मोठ्यांनी टाळायचे असे प्रश्न कार्यक्रमाने सोप्या शब्दांत हाताळले. पुढच्या वर्षी सोनिया मान्झानो प्रत्यक्षात आई होणार होत्या. तेच कथेत घेतले गेले आणि लुईस-मारियाच्या घरी गाबी ही मुलगी आली. बाळ कुठून येते, येण्याआधी आईला काय होते, थोरल्या भावंडांना काय वाटते, हे मुलांनी महिनोन्‌महिने पाहिले. हे दोघे खरे नवरा-बायको नाहीत, दोघांचेही संसार वेगळे आहेत, हे सांगितले तर अनेक प्रेक्षकांना मोठेपणीही धक्का बसे.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याआधीचा एक भाग. गल्लीतल्या किराणा दुकानाचे मालक हूपरकाका यांची भूमिका करणारे नट विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांसमोर प्रश्न आला. दुसरा नट आणायचा, की हूपरकाका गाव सोडून गेले म्हणायचे? त्यांनी बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि मुलांना खरे सांगायचे ठरवले. तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजी दाखवला गेला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडला, म्हणजे आई-वडील घरी असतील आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कुणीतरी जवळ असेल.

त्या भागात बिग बर्ड सगळ्यांची चित्रे काढून आणतो आणि हूपरकाकांचे चित्र द्यायला ते कुठे आहेत म्हणून विचारतो. ते परत येतील तेव्हा देईन, असे म्हणतो. लुईस, मारिया, गॉर्डन, सुझन, बॉब अशी मोठी मंडळी त्याच्याभोवती गोळा होतात. मेलेला माणूस परत येत नाही, हे ते त्याला हळुवार पण स्पष्ट सांगतात. ते झोपले आहेत किंवा लांबच्या प्रवासाला गेले आहेत असे म्हणत नाहीत, कारण मग मूल झोपेला आणि प्रवासालाही घाबरू लागते. तुझी काळजी आता आम्ही सगळे घेऊ, असा धीरही देतात. विल ली या सगळ्यांचे अनेक वर्षांचे सहकारी होते. त्यामुळे त्या प्रसंगात नटांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते.

आपल्या घरात मयत झाली की मुलांना शेजारी पाठवून दिले जाते. परत आल्यावर दादी कुठे आहेत या प्रश्नावर मोठी माणसे एकमेकांकडे पाहत राहतात. मुलांना वयाप्रमाणे, खोटे न बोलता, हात धरून सांगता येते. या भागात ते कसे केले आहे हे पाहण्यासारखे आहे.

दुकान बंद होते

काळ बदलत गेला. टोस्टर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे लोकांना सोपे वाटू लागले. गल्लीतले दुरुस्तीचे दुकान बदलून तिथे टपाल-पार्सलचे दुकान आले, त्यानंतर कपडे धुण्याची लाँड्री. बाहुल्यांचा, विशेषतः एल्मोचा, वेळ वाढला आणि मोठ्या माणसांचा कमी झाला. मधल्या काळात डेलगाडोंनी इतरही कामे केली. १९७९ नंतर ‘लू ग्रँट’ या मालिकेत त्यांनी रुबेन कॅस्टिलो हा वृत्तपत्राचा संपादक रंगवला. ‘पिंक मार्टिनी’ या वाद्यवृंदाबरोबर ते गायले. पण लोकांसाठी ते लुईसच राहिले.

२०१५ मध्ये कार्यक्रमाचे नवे भाग आधी एचबीओ या पैसे भरून पाहायच्या वाहिनीवर दाखवण्याचा करार झाला आणि तासाभराचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला. त्याच वर्षी मान्झानो निवृत्त झाल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात बातमी आली, की बॉब मॅकग्राथ, रॉस्को ऑर्मन आणि एमिलिओ डेलगाडो या जुन्या नटांचे करार पुढे वाढवलेले नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षे गल्लीत राहिलेली ही माणसे अशी बाजूला झाली, याचे प्रेक्षकांना वाईट वाटले. ते आमच्या परिवाराचाच भाग आहेत, असे संस्थेने सांगितले. डेलगाडो तेव्हा ७६ वर्षांचे होते. या वयात माणूस आठवणी सांगत बसला तर कुणी दोष देणार नाही.

ते पुन्हा रंगमंचावर गेले. २०१८ मध्ये ऑक्टाव्हियो सोलिस या नाटककाराच्या ‘किहोते नुएव्हो’ या नाटकात त्यांनी मुख्य भूमिका केली. स्पेनच्या प्रसिद्ध डॉन किहोतेची कथा सोलिस यांनी टेक्सासच्या सीमेवरच्या ला प्लांचा या काल्पनिक गावात आणली आहे. नायक एक म्हातारा प्राध्यापक आहे. स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले आहे, तो स्वतःला डॉन किहोते समजतो, आणि तरुणपणी हरवलेल्या, शेतात राबणाऱ्या एका मुलीला शोधायला सीमेच्या दिशेने निघतो. कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा प्रयोग पुढे हार्टफर्ड, बोस्टन, ह्यूस्टन इथेही झाला. सीमेवर वाढलेल्या मुलाला ऐंशीच्या उंबरठ्यावर सीमेचीच गोष्ट मिळाली, आणि तिच्यात रंगमंचावर यायचे होते ते दरोडेखोर म्हणून नव्हे, नायक म्हणून.

डिसेंबर २०२० मध्ये त्यांना मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. १५ ऑक्टोबर २०२१ हा दिवस न्यूयॉर्कच्या महापौरांनी ‘एमिलिओ डेलगाडो दिन’ म्हणून जाहीर केला. १० मार्च २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लहानपणी त्यांना पाहिलेली, आता स्वतः आई-बाप झालेली असंख्य माणसे त्या दिवशी घरातले कुणी गेल्यासारखी हळहळली.

आपल्या घरी काय करता येईल

मध्यंतरी मी चौथीच्या मुलांना ‘मला आवडणारा माणूस’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी क्रिकेटपटू आणि सिनेनट लिहिले. एका मुलाने आपल्या मोहल्ल्यातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांबद्दल लिहिले. ते पंक्चरचे पैसे नंतर दे म्हणतात, आणि चाक काढताना मला पाना धरायला देतात, एवढेच त्याचे म्हणणे. बाकीची मुले हसली. मी ते लिखाण वर्गात मोठ्याने वाचले, तेव्हा आणखी तिघांना त्याच चाचांच्या गोष्टी आठवल्या.

पडद्यावर आपल्या मुलांना कोण दिसते, याचा हिशेब पालकांनी अधूनमधून करावा. मोबाइल किती वेळ पाहिला हे आपण मोजतो. त्यात माणसे कशी दिसली, कोण हसण्याचा विषय झाला, कोण नेहमी वाईट निघाला, हे विचारत नाही. ‘सेसमी स्ट्रीट’च्या निर्मात्यांनी मोठ्यांना आवडतील असे विनोद आणि नामवंत पाहुणे मुद्दाम कार्यक्रमात घातले, कारण आई-वडील शेजारी बसून बघतात तेव्हा मूल जास्त शिकते. हे काम आपण आजच करू शकतो. रोज वीस मिनिटे मुलाच्या शेजारी बसून तेच पाहावे, आणि मध्येच एखादा प्रश्न विचारावा. हा असे का वागला असेल? आपल्या मोहल्ल्यात असे कुणी आहे का?

आणि पडद्यापलीकडचे लुईसही मुलांना दाखवावेत. शिलाई मशीन नीट करणारे, मिक्सरची तार जोडून देणारे, दुसऱ्या जमातीतले, दुसरी भाषा बोलणारे. मुलांना त्यांच्या दुकानात घेऊन जावे, त्यांना नावाने आणि अदबीने हाक मारायला शिकवावे, आणि काम होईपर्यंत थोडा वेळ तिथे उभे राहू द्यावे. घरी परतल्यावर त्यांनी काय काय पाहिले, ते आधी पूर्ण ऐकून घ्यावे.